दयेकडून हक्काकडे : कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईत लोअर परळच्या बाजूला एक लांबलचक रस्ता आहे. जुनी माणसे त्याला अजूनही डिलाईल रोड म्हणतात. पाटीवर मात्र ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. गेल्या वर्षी काकांकडे गेलो असता त्या रस्त्याने रोज जाणे-येणे झाले. हे जोशी कोण, असे मी दोघाचौघांना विचारले. कोणी म्हणाले नगरसेवक असतील, कोणी म्हणाले स्वातंत्र्यसैनिक. मलाही ठाऊक नव्हते. धारवाडला परतल्यावर ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा कळले की या गृहस्थांचा आमच्या घरातल्या एका दुःखाशी फार जवळचा संबंध आहे.

ते दुःख आधी सांगतो. आमचे मामा धारवाडातील एका लहानशा छापखान्यात बाइंडिंगचे काम करतात. छापखान्यात मालक धरून सात माणसे. मालकांना सगळे सावकार म्हणतात. मी पी.यु.सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कागद कापण्याच्या यंत्रात मामांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. सावकारांनी इस्पितळाचे बिल भरले, घरी येऊन पाचशेच्या काही नोटा मामींच्या हातावर ठेवल्या, आणि हात बरा होईपर्यंत विश्रांती घ्या म्हणाले. त्या अडीच महिन्यांचा पगार मिळाला नाही. कोणी मागितलाही नाही. सावकार भला माणूस, एवढेच आम्ही सगळे म्हणत राहिलो.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०१ मध्ये ते पदवीधर झाले आणि सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. तेवढ्यावर त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. पण १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाचे सभासद होणे म्हणजे बेताच्या वेतनावर जन्मभर देशकार्य करण्याचे व्रत घेणे होय. जोशींच्या वाट्याला मुंबई आली आणि मुंबईत गिरणगाव आले.

१९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी तिची कामे होती. हे काम करताना कामगाराचा संसार कुठे मोडतो ते त्यांनी जवळून पाहिले असले पाहिजे. कमी पगारात तो कसाबसा चालतो. पण एक अपघात, एक दुखणे किंवा एक बाळंतपण आले की घर सावकाराच्या दारात उभे राहते. (इथे सावकार म्हणजे व्याजाने पैसे देणारा, आमच्या धारवाडकडचा मालक नव्हे!) अशा वेळी शेजारपाजारी मदत करतात, मालक कनवाळू असला तर तोही करतो. पण मदत मिळेलच याचा भरवसा नसतो.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठविले. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का निवडावा, असा प्रश्न तेव्हा उठला, आणि तो रास्तच होता. प्रतिनिधी निवडू शकेल अशी देशव्यापी संघटनाच तोवर नव्हती. ती उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत भरून निघाली. लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन झाली. तिच्या उभारणीत जोशी अग्रभागी होते. पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस राहिले.

१९२१ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले, आणि १९४७ पर्यंत बसत राहिले. पाव शतकाहून अधिक काळ! त्याच पहिल्या वर्षी त्यांनी कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव मांडला. त्याचे फळ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात दिसते.

परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा त्याआधीचा, १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. त्यापूर्वी यंत्रात हात गेलेल्या कामगाराला भरपाई हवी असेल तर दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक शाबीत करावी लागे. गिरणीतला मजूर हे कसे करणार? नव्या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची हे बाजूला ठेवून, इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का, एवढेच पाहावयाचे ठरले. मृत्यू आला तर ३० महिन्यांचा पगार, कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर ४२ महिन्यांचा. मात्र कमाल मर्यादा अनुक्रमे अडीच हजार व साडेतीन हजार रुपयांची. १ जुलै १९२४ पासून हा कायदा अंमलात आला. आपला धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व नंतरच्या मुंबई राज्यात होता, तरी हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातील माणसेही त्याखाली आली.

या कायद्यात दोन मोठ्या फटी राहिल्या. भरपाई देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर. त्याच्यापाशी पैसा नसला तर कागदावरचा हक्क कागदावरच. आणि कायदा ठरावीक उद्योगांपुरता. कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारा आणि वीस माणसांचा, अशी तेव्हाची व्याख्या होती. लहान दुकान, खानावळ, हातमागाची शेड या रेषेबाहेर राहिली.

जोशी तेथे थांबले नाहीत. १९२४ साली त्यांनी बाळंतपणातील कामगार स्त्रियांना रजा व भत्ता मिळावा म्हणून विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पण विचार मेला नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रा. सि. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले, १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, यात कमीपणा नाही, हे सार्वजनिक कार्यकर्त्याने शिकण्यासारखे आहे.

त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती लपविण्याचे कारण नाही. १९२९ मध्ये सरकारने मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. जोशी त्याचे सभासद झाले. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात आयटकने आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. तेव्हा जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले व त्यांनी वेगळी संघटना काढली. जहाल कार्यकर्त्यांच्या लेखी ते सरकारधार्जिणे ठरले. त्यांनी बाहेर पडावयास नको होते, असे मलाही एके काळी वाटले असते. परंतु त्या आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने आजारपणाच्या विम्याचा प्रश्न देशापुढे ठेवला, हेही खरे. मोर्चा आणि समिती यांपैकी एकानेच काम होते, असे इतिहास सांगत नाही. १९४० मध्ये दुरावा मिटला आणि जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले.

आजारपणाच्या विम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला. मालक आणि कामगार दोघांनी दरमहा थोडे थोडे भरावयाचे, आणि दुखणे, अपघात, बाळंतपण यांचा भार एका सामाईक निधीने उचलावयाचा. मालक भला आहे की कृपण, श्रीमंत आहे की कर्जबाजारी, याचा कामगाराच्या औषधपाण्याशी संबंध उरला नाही. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ च्या ऑक्टोबरात आली. ती पाहावयास जोशी हयात होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे वाचल्यावर मी मामांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहिले. राज्य विम्याची सक्ती आज दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे, छापखान्यात सात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने लहान आस्थापनेला स्वेच्छेने योजनेत येण्याची सोय आहे, पण हे आमच्या गल्लीत कोणाच्या कानावर नव्हते. भरपाईचा हक्क मात्र मामांना होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या छापखान्याला तेथे माणसांच्या संख्येची अट नाही. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती वीस टक्क्यांनी घटली, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहून ठेवले आहे. अर्ज दोन वर्षांच्या आत करावयाचा. मी हे वाचले तेव्हा दोन वर्षे उलटून चार महिने झाले होते. उशिराला सबळ कारण असेल तर अर्ज दाखल करून घेता येतो, हेही त्याच कलमात आहे.

मी धावत घरी गेलो आणि मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की ज्यांनी बिल भरले त्या सावकारांवर केस कशी करू, आणि केल्यावर सोमवारी कामावर कोणत्या तोंडाने जाऊ. मी पुस्तकातले सांगू लागलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो डावाच होता, आणि विषय बदलला.

त्या रात्री मला जोशींचे काम खरे उमगले. सावकार वाईट नाहीत, मामा भित्रे नाहीत. त्यांनी विमा उतरविला असता तर पैसे विमा कंपनीने दिले असते, आणि दोघांचे संबंध जसेच्या तसे राहिले असते. विमा नसेल तेथे हक्क मागणे म्हणजे उपकारकर्त्यावर उलटणे होऊन बसते. दयेला दयाच राहू द्यावे आणि हक्काला तिच्यापासून वेगळी जागा द्यावी, यासाठी त्या शिक्षकाने आपले आयुष्य वेचले.

सप्तापूरच्या रस्त्याने फिरताना आता माझी नजर सवयीने मोजू लागते. झेरॉक्सच्या दुकानात तीन माणसे, खानावळीत पाच, गॅरेजात चार. आपले प्रबंध बांधणारे, आपल्याला जेवू घालणारे हेच हात. त्यांतील किती जणांच्या मालकांनी विमा उतरविला आहे? वाचकहो, पुढच्या वेळी झेरॉक्स काढावयास जाल तेव्हा एवढे विचारा. मी परवा आमच्या सावकारांना विचारले. विम्याचा हप्ता किती पडतो, असे त्यांनी मला विचारले, आणि चौकशी करून येण्यास सांगितले. मामांचा अर्ज अजून माझ्या टेबलावर कोरा पडून आहे.