विश्लेषण : लॅटिनच्या प्राध्यापकाने नदीचे पाणी आधीच कसे ओळखले?

उन्हाळ्यात नदीला किती पाणी येणार, हे हिवाळा संपतानाच सांगता येते. ही पद्धत घडवली ती जेम्स चर्च या लॅटिन शिकवणाऱ्या प्राध्यापकाने.

कोण होते चर्च?

जन्म १८६९ चा, अमेरिकेतील मिशिगन राज्यातला. १८९२ मध्ये ते रेनो येथील नेव्हाडा विद्यापीठात लॅटिन शिकवू लागले. गिर्यारोहणाची आवड होतीच. १८९५ च्या हिवाळ्यात त्यांनी ३,२८५ मीटर उंचीचे माउंट रोझ शिखर सर केले. पुढे तिथेच हवामान वेधशाळा उभारली आणि त्यांचे लक्ष बर्फाकडे वळले.

वाद कशाचा होता?

रेनो शहर आणि परिसरातील शेती ट्रकी नदीवर अवलंबून. ही नदी टाहो सरोवरातून निघते आणि सरोवर प्रामुख्याने सिएरा नेव्हाडा पर्वतावरील बर्फ वितळून भरते. सरोवराच्या तोंडावरील धरणातून पाणी लवकर सोडले तर उन्हाळ्यात टंचाई, अडवून ठेवले तर काठावरच्या जमिनी पाण्याखाली. त्यामुळे किती पाणी येणार, हे आधी कळणे गरजेचे होते.

त्यांनी काय केले?

बर्फाची उंची फसवी असते. भुसभुशीत आणि घट्ट बर्फात पाणी सारखे नसते. चर्च यांनी दातेरी टोकाची पोकळ पोलादी नळी तयार केली. ती बर्फात खोलवर घुसवायची, आतल्या बर्फासह काट्यावर तोलायची. नळीचा व्यास असा ठेवला, की एक औंस वजन म्हणजे एक इंच पाणी. या नोंदींवरून त्यांनी टाहोची पातळी किती वाढेल, याचे अंदाज दिले. ही पद्धत पश्चिम अमेरिकेत पसरली. उतारवयात हिमालयातील बर्फमापनासाठी ते भारतातही आले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग आज अंदाज का चुकतात?

तापमानवाढीमुळे बर्फाऐवजी पाऊस पडण्याचे प्रमाण वाढते आहे, बर्फही लवकर वितळतो आहे. शिवाय कोरडी जमीन आधी स्वतःची तहान भागवते. १ एप्रिल २०२१ ला कॅलिफोर्नियातील बर्फात सरासरीच्या सुमारे ६० टक्के पाणी होते. नद्यांना मात्र अंदाजापेक्षा खूपच कमी पाणी आले. बरेचसे तहानलेल्या जमिनीने शोषले.

भूजलाचा संबंध काय?

हळूहळू वितळणारा बर्फ जमिनीत मुरतो. तेच पाणी झऱ्यांवाटे बाहेर येऊन उन्हाळ्याच्या शेवटी नदी वाहती ठेवते. जोरदार पावसाचे पाणी मात्र मुरायला वेळ न मिळता वाहून जाते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील अलीकडच्या एका अभ्यासात तर वसंत ऋतूतील नदीच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा काही वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेला आढळला. म्हणजे यंदाचा बर्फ आधी भूजल भरतो आणि जुने भूजल नदीत येते. सलग काही हिवाळे कोरडे गेले, की हा साठा घटतो आणि पुढचा एखादा चांगला हिवाळाही नदीला पुरत नाही.

आता उपाय काय?

चर्च यांची पद्धत आजही पाया आहे. बर्फाचे वजन आता स्वयंचलित केंद्रेही घेतात. मात्र त्याला मातीतील ओलावा आणि भूजल पातळीच्या नोंदींची जोड हवी. गंगा आणि सिंधूच्या खोऱ्यांतही हिमालयातील बर्फाचा हिशेब जमिनीखालच्या पाण्यासह मांडावा लागेल.