डिझेल गाडी स्टार्ट होत नाहीये? आधी रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा



समजा, जानेवारीतली पहाट आहे. भामरागडकडच्या एखाद्या गावात अंगणात डिझेल जीप उभी आहे. घरात कुणाला तरी बरं नाहीये, दवाखाना गाठायचाय. किल्ली फिरवली, सेल्फ घर्र घर्र फिरतोय, पण इंजिन काही पेटत नाही. गॅरेज लांब, मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात, बॅटरी पार उतरेपर्यंत सेल्फ मारत बसतात. आणि बॅटरी उतरली की मग हातात काहीच उरत नाही.

हे टाळायचं असेल तर डिझेल इंजिन पेटतं कसं, हे आधी कळायला हवं. ते समजायचा सोपा रस्ता म्हणजे इंजिन शोधणाऱ्या माणसाचं आयुष्य. कारण चालू न होणारं पहिलं डिझेल इंजिन त्याच्याच समोर उभं होतं, आणि ते नीट चालवायला त्याला जवळजवळ चार वर्षं लागली. चला तर मग, सुरुवातीपासून बघू.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, पैसा बेताचाच. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांत युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथेही चणचण होतीच, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं.

पोरगा हुशार होता. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, म्हणजे थंडावा तयार करणाऱ्या यंत्रांचे मोठे जाणकार. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट कळली. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावायची, बाकीची सगळी वाया. हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. टायफॉइडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली, पण जानेवारी १८८० मध्ये ती देऊन तो उत्तम गुणांनी पास झाला.

नंतर त्याने लिंडे यांच्यासाठी पॅरिसमध्ये बर्फाच्या कारखान्याचं काम पाहिलं. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. बर्फाच्या यंत्रात रोजचं काम एकच, वायू दाबायचा आणि सोडायचा. दाबला की तो तापतो, सोडला की गार होतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना? तेच ते.

रुडॉल्फने विचार केला, हवा इतकी दाबली की तिच्यात इंधन टाकताच ते आपोआप पेटेल, तर? ठिणगीची गरजच नाही. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये ते मिळालं.

पहिली तपासणी: सेल्फ जोरात फिरतोय का?

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग असतो. डिझेलमध्ये तो नाही, दाबलेली हवाच काडीचं काम करते. आजच्या गाडीत हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते आणि तिचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं. पण दाबायला वेळ लागला तर हवा रिंगांजवळून निसटते आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते. म्हणजे सेल्फ हळू फिरला की हवा पुरेशी तापतच नाही.

म्हणून आधी बॅटरी बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर घासून काढा, नट आवळा, अर्थिंगची पट्टी सैल आहे का बघा. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ जोरात फिरला आणि गाडी पेटली, तर दुखणं तिथेच होतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

स्फोट, आणि मग एक मिनिट

ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने रुडॉल्फला जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनीनेही पैसे घातले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडलं. इंजिन स्वतःहून फिरत नव्हतं, कारखान्याच्या पट्ट्याने फिरवावं लागत होतं. इंधन पेटलं, पण इतक्या जोरात की दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. रुडॉल्फ थोडक्यात वाचला. इंजिन चाललं नाही, पण एक गोष्ट पक्की झाली. नुसत्या दाबाने इंधन पेटतं.

त्याने इंजिन उघडलं, बदललं, पुन्हा जोडलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं, साधारण एक मिनिट. असं सांगतात, की इंजिनाला फिरवणारा पट्टा आता उलट इंजिनच ओढतंय हे आधी तिथल्या कामगाराच्या लक्षात आलं, आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

दुसरी तपासणी: हीटर प्लग

रुडॉल्फचं इंजिन अवाढव्य होतं. गाडीतल्या लहान सिलिंडरच्या गार भिंती हवेतली उष्णता पटकन ओढून घेतात. म्हणून पुढे हीटर प्लग आले. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा प्लग खराब असले तरी कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांजवळ आला की हेच दुखणं बाहेर येतं.

किल्ली ऑन करा, डॅशबोर्डवरचा कॉइलसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. नाही पेटली तर किल्ली बंद करून हेच दोन-तीन वेळा करा. इथर स्प्रे मात्र मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि इंजिन फुटू शकतं.

कोळशाची पूड सोडून दिली

चंद्रपूरकरांना हे वाचून गंमत वाटेल. रुडॉल्फच्या मूळ कल्पनेत कोळशाची पूडही इंधन म्हणून होती. पण पूड पंपाने नीट सोडता येत नाही आणि तिची राख सिलिंडर घासून काढते. शेवटी तो पातळ इंधनावर आला. तेही आत सोडणं सोपं नव्हतं. दाबलेल्या हवेच्या झोताने तेल फवारायला वेगळा जड कॉम्प्रेसर लागायचा.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापकांसमोर तिसऱ्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. रॉकेलवर चालणाऱ्या त्या इंजिनाने २६.२ टक्के ऊर्जा कामाला लावली.

तिसरी तपासणी: डिझेल पोचतंय का?

सेल्फ मारताना मागे सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. मग हीटर प्लग, सेल्फचा वेग किंवा झिजलेल्या रिंगा यांच्याकडे वळा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये.

अशा वेळी आधी टाकीत डिझेल आहे ना बघा, हसू नका. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये एअर धरते. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. जुन्या गाडीत फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा आणि मग आवळायचा. कॅनमधलं डिझेल भरलं असेल, त्यातून पावसाळा असेल, तर पाण्याचा संशय घ्या आणि फिल्टरच्या तळाचा नळ उघडून पाणी काढून टाका. जुन्या पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो, किल्ली ऑन केल्यावर त्याचा टक् आवाज यायला हवा. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर गाडी फिरत असेल तर एअर फिल्टरही झटका.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. कॉमन रेल गाडीत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांना हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

जहाजावरची रात्र

यश आलं, पैसाही आला. १८९८ मध्ये केम्प्टनच्या कारखान्यात डिझेल इंजिन बसलं, आणि तो कारखाना होता काडेपेट्यांचा! पण सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकाकडे वारंवार बंद पडायची. तक्रारी, पेटंटचे खटले, तब्येतीची कुरबुर सगळं एकदम आलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं, त्याचं कौतुकही झालं. तुम्ही मात्र आजच्या गाडीत खायचं तेल ओतू नका. जमिनींच्या व्यवहारात रुडॉल्फचा पैसा बुडत गेला आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन जहाजावर चढला. रात्री जेवून खोलीत गेला, सकाळी तो तिथे नव्हता. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या देहाजवळच्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हे कधीच सिद्ध झालं नाही. मागे उरलं ते कर्ज.

डिझेलवर चालणारी मोटार त्याला बघायला मिळाली नाही. जड कॉम्प्रेसरची अडचण सुटून बॉश कंपनीचा लहान इंजेक्शन पंप १९२७ मध्ये बाजारात आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन आपल्या विहिरींवर पोचलं.

तर क्रम लक्षात ठेवा

बॅटरी आणि सेल्फचा वेग, मग हीटर, मग धूर, मग डिझेल, एअर आणि पाणी. रुडॉल्फने चार वर्षं हेच केलं. इंजिन बंद पडलं की एक गोष्ट तपासायची, ती बदलायची, आणि मगच पुढची. एवढं करूनही गाडी पेटली नाही, तर उरलेली बॅटरी जाळू नका. घरात पेशंट असेल तर तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसू नका, शेजारची गाडी मागा. आणि गाडी चांगली असतानाच, पावसाळ्याआधी आणि थंडीआधी, फिल्टर आणि हीटर प्लग एकदा तपासून घ्या.