सशाच्या कानावरचे डांबर

कारखान्यातल्या धुराने आणि काजळीने कर्करोग होतो का, हा संशय जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या अंडकोशावरील कर्करोगाचे खापर काजळीवर फोडले होते. पुढच्या शतकात डांबराच्या कारखान्यांतील मजुरांच्या त्वचेवरही तसेच व्रण दिसले. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. तो पुरावा मिळवला जपानच्या कात्सुसाबुरो यामागिवा यांनी.

यामागिवांचा जन्म १८६३ मध्ये उएदा गावी एका सामुराई घराण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. टोकियोतील एका डॉक्टरने त्यांना दत्तक घेतले आणि आपली मुलगीही दिली. वैद्यकीय शिक्षणानंतर ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्खो यांच्याकडे शिकले. एखाद्या जागी सतत होणाऱ्या चिडीतून, दाहातून कर्करोग उद्भवतो, असे विर्खो मानत. परतल्यावर, १८९५ मध्ये, यामागिवा टोकियो विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. काही वर्षांतच त्यांना क्षयाने गाठले. हे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. तरीही १९०७ मध्ये त्यांनी जपानमधले कर्करोगाला वाहिलेले पहिले नियतकालिक सुरू केले.

गुरूचा सिद्धांत खरा की खोटा, हे प्रयोगानेच ठरणार होते. यापूर्वी इतरांनी उंदीर, कुत्रे अशा प्राण्यांना डांबर लावून पाहिले होते, पण हाती काही लागले नव्हते. १९१३ मध्ये यामागिवांनी कोइची इचिकावा या तरुण पशुवैद्याला हाताशी धरले आणि ससे निवडले. सशाचा कान लांबरुंद, आतून जवळजवळ केसरहित, त्यामुळे रोज निरखायला सोपा. दर दोन-तीन दिवसांनी त्यावर कोळशाचे डांबर चोपडायचे, एवढेच काम. पण ते महिनोन् महिने न चुकता करायचे! किती ससे मध्येच दगावले, किती कानांवर नुसत्या गाठी येऊन जिरल्या. आजारी यामागिवांना रोज प्रयोगशाळेत येणे जमत नसे, त्यामुळे पुष्कळसा भार इचिकावांनी उचलला. सुरुवातीला मस्से आले. एवढ्यावर कोणीही टाळी वाजवली असती. या दोघांनी तसे केले नाही. मस्से हे कर्करोग नव्हेत, हे ठाऊक असल्याने डांबर लावणे सुरूच राहिले. अखेर १९१५ मध्ये काही गाठींतून पेशी खोल मांसात शिरलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, काहींत लसिकाग्रंथीही बाधित झाल्या होत्या. हा खरा कर्करोग होता.

आधीचे प्रयोग का फसले, याचे उत्तरही इथे मिळाले. चुकीचा प्राणी आणि अपुरा काळ. तीन महिन्यांत काही झाले नाही म्हणून पदार्थ निर्धोक, असे म्हणता येत नाही, मग तो ससा असो की भट्टीपुढे उभा माणूस.

पुढचे काम लंडनला झाले. अर्नेस्ट केनावे यांच्या गटाने दोन टन डांबरी पिच गाळून १९३३ मध्ये बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन वेगळे काढले. ओतशाळेत, म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात ज्याला फाउंड्री म्हणतात तिथे, साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी मिसळलेली असते. तापलेले लोखंड ओतले की ती अर्धवट जळते आणि त्या धुरात हेच रसायन तयार होते.

यामागिवांच्या वाट्याला नोबेल आले नाही. १९२६ चा पुरस्कार डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना, जंतांमुळे उंदरांत कर्करोग झाल्याच्या दाव्याबद्दल मिळाला. तो दावा पुढे टिकला नाही. सशांचा प्रयोग मात्र अनेक देशांत पुन्हा पुन्हा होऊन खरा ठरला. निवड समितीपुढे यामागिवांचेही नाव होते, हे विशेष. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

सशाच्या कानाने त्वचेचा कर्करोग सिद्ध केला, फुप्फुसांचा नव्हे. ओतशाळेतला कामगार धूर श्वासातून घेतो, त्यात सिलिकाची धूळ आणि धातूंची वाफही असते. म्हणून तिथे वेगळी पद्धत लागली: अनेक देशांतील ओतशाळा कामगारांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून फुप्फुसाचा कर्करोग इतरांपेक्षा किती जास्त, हे मोजण्याची. १९८७ पर्यंत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लोखंड-पोलादाच्या ओतकामाला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात घातले. त्या धुरातील नेमका दोषी घटक कोणता, हे वेगळे काढता आले नाही, म्हणून यादीत कोणा एका रसायनाऐवजी कामाचेच नाव आहे.