गाडी इथेच घडवायला निघालेला माणूस : शेठ वालचंद हिराचंद

सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव ॲडमिशनच्या वेळी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या यादीत असतं. रावळगावच्या गोळ्या तर लहानपणी सगळ्यांनीच खाल्ल्यात. ते रावळगाव आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं! पण या दोन्ही नावांमागचा माणूस कोण, असं विचारलं तर हॉस्टेलवर निम्मे जण गप्प बसतील.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. त्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्यामागेही तेच होते. ५ एप्रिल हा तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० साली त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

मोटारीचं काम मात्र अडून बसलं. १९४० साली त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण मोटार उद्योग युद्धासाठी गरजेचा नाही, असं म्हणून इंग्रज सरकारनं हात झटकले. वालचंद थांबले नाहीत. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या.

सुरुवातीला तिथे सुटे भाग बाहेरून येत आणि जोडले जात. जोडणं वेगळं, घडवणं वेगळं. नुसत्या जोडलेल्या गाडीचा एखादा बुश झिजला की पुढच्या बोटीची वाट बघत बसायचं! वालचंदांना हे मान्य नव्हतं. पण १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले. त्याच वर्षी सरकारनं धोरण ठरवलं की टप्प्याटप्प्यानं इथे उत्पादन करणाऱ्यांनाच परवानगी. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. तिची फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

मेकॅनिकलच्या मित्रांनो, वालचंदांचं स्वप्न समजून घ्यायचं तर जुन्या पद्मिनीच्या खाली शिरा. पुढे दोन-दोन विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. दिंडोरी-वणी रस्त्यावर गतिरोधकावरून जाताना पुढून टकटक आली, तर आधी विशबोनचे रबरी बुश बघायचे. कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. ती दोन-तीनदा झुलत राहिली, किंवा शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, नाही तर सांध्यांचा. शॉकॲब्सॉर्बर जोडीनंच बदलायचे. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के करायचे, कारण चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट करायचीच.

बुश दिसायला किरकोळ! पण त्याला योग्य रबर लागतं, पोलादी नळी लागते, माप अचूक लागतं. म्हणजे रबरवाला हवा, लेथवाला हवा, तपासणारा हवा. गाडी इथे घडली की तिच्याभोवती अशी छोटी वर्कशॉपं उभी राहतात आणि आपल्यासारख्यांना काम मिळतं. वालचंदांना ते बघायला मिळालं नाही. आपण मात्र पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये झिजलेला भाग काढताना तो नुसता फेकून देऊ नये. तो कसा बनला, तेही बघावं.