जाको पास्टोरियस: फ्रेटलेस बास, राउंडवाउंड तारा आणि बोटीचं इपॉक्सी

फ्रेटलेस बास गिटारला कोणत्या तारा लावायच्या, असं मला कुणी विचारलं की मी आधी जाको पास्टोरियसची गोष्ट सांगतो. तारांची निवड नेमकी कुठे अडते, ते त्याच्या एकाच वाद्यावरून कळतं.

जाकोचा जन्म १ डिसेंबर १९५१ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. लहानपण मात्र फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला गेलं. वडील ड्रमर आणि गायक, त्यामुळे पोरगाही आधी ड्रमच वाजवायचा. तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं, ड्रम जमेना, आणि तो बासकडे वळला. जॅझची गोडी लागल्यावर त्याने उभा डबल बास घेतला. पण फ्लोरिडाच्या दमट हवेत त्याचं लाकूड तडकलं. मग त्याच्या हातात आला १९६२ चा फेंडर जॅझ बास.

फ्रेट काढले की काय होतं?

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आपल्या सतारीला पडदे असतात तशा. जाकोच्या बासवर त्या नव्हत्या. लोण्याच्या सुरीने आपणच उपटल्या असं तो सांगायचा, पण या गोष्टीची वेगवेगळी रूपं ऐकायला मिळतात. रिकाम्या खाचा लाकडाच्या लांबीने बुजवलेल्या होत्या. आता बोट सरकवलं की सूर मींडेसारखा वाहतो. मात्र तार धातूच्या पट्टीवर न टेकता थेट लाकडावर घासते. इथेच तारांचा प्रश्न येतो.

फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड?

बासच्या तारेत मधल्या तारेवर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार चपटी असेल तर फ्लॅटवाउंड: पृष्ठभाग गुळगुळीत, आवाज गोल आणि दबका, लाकडाला त्रास कमी. वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड: आवाज चमकदार आणि खणखणीत, पण पृष्ठभाग कानशीसारखा खडबडीत.

जाको रोटोसाउंडच्या स्विंग बास तारा वापरायचा, म्हणजे स्टीलच्या राउंडवाउंड. १९६६ मध्ये द हू बँडच्या जॉन एंटविसलच्या सहभागातून या तारा घडल्या होत्या. पण एंटविसलच्या बासला फ्रेट होते. फ्रेट नसलेल्या रोजवूडवर अशी तार रोज घासली की चरे पडतात, आणि चरे पडले की तार खरखरते.

जाकोने तार बदलली नाही, लाकूड झाकलं. बोटींसाठी मिळणाऱ्या इपॉक्सीचे थर त्याने फिंगरबोर्डवर चढवले. वाळल्यावर काचेसारखा कडक पृष्ठभाग तयार झाला. लाकूड वाचलं, शिवाय आवाज जास्त वेळ टिकू लागला. आपल्या सरोदचा विचार करा. त्यालाही पडदे नाहीत, आणि धातूच्या तारांखाली पोलादी पत्रा आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: तार कडक, तर खालचा पृष्ठभागही कडक हवा.

त्या आवाजाने काय केलं?

१९७६ मध्ये त्याच्या नावाचाच पहिला अल्बम आला. 'डोना ली' ही अवघड धून तो फक्त काँगाच्या साथीवर बासवर वाजवतो. 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' मध्ये तर हार्मोनिक्सवरच सगळी भिस्त आहे, आणि असे नाजूक वरचे स्वर राउंडवाउंड तारेवर जास्त स्पष्ट निघतात. त्याच वर्षी तो वेदर रिपोर्टमध्ये गेला. १९७७ च्या 'हेवी वेदर' अल्बमने त्याला जगभर नेलं. जोनी मिचेलच्या 'हेजिरा' मध्येही तोच वाजतो.

पण पुढची वर्षं कठीण गेली. १९८२ मध्ये बायपोलर आजाराचं निदान झालं. दारू वाढली, काम सुटत गेलं, काही काळ तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहिला. १९८६ मध्ये तो लाडका बास तिथेच चोरीला गेला. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबबाहेर त्याला जबर मारहाण झाली आणि २१ सप्टेंबरला तो गेला. वय फक्त ३५. बास बऱ्याच वर्षांनी सापडला. त्यावरून मालकीचा वाद झाला, आणि २०१० मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहिओने पैसे भरून तो मिटवला.

मग तुम्ही कोणत्या तारा घ्याल?

फिंगरबोर्डचं लाकूड उघडं असेल तर माझं मत फ्लॅटवाउंडकडे. डबल बासजवळचा आवाज मिळतो आणि लाकूडही टिकतं. चमक हवीच असेल तर निकेलच्या राउंडवाउंड लावा, त्या स्टीलपेक्षा मऊ असतात. जाकोसारख्या स्टीलच्या लावायच्या तर आधी इपॉक्सीचा खर्च धरा, आणि ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्या. शिवाय मागचा पिकअप जास्त उघडा ठेवा, जाकोचा तो नाकातला, गाणारा आवाज तिथूनच येतो.