ब्रोमीन वाढवले, तरी वेग तोच!

आर्थर लॅपवर्थ यांचा जन्म १८७२चा, स्कॉटलंडमधला. वडील नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ. मुलगा रसायनशास्त्रात रमला.

१९०४ मध्ये त्यांनी आम्लात ॲसिटोन आणि ब्रोमीनची अभिक्रिया किती वेगाने होते, ते मोजले. ब्रोमीन वाढवले, वेग तोच. ॲसिटोन किंवा आम्ल वाढवले, की वेगही वाढे. म्हणजे ब्रोमीनची पाळी नंतरची! ॲसिटोन आधी सावकाश ‘ईनॉल’ बनते. मग ब्रोमीन झटकन जोडले जाते. न दिसणारा टप्पा त्यांनी केवळ वेगावरून ओळखला, हे मोठेच.

आम्लात एक ब्रोमीन बसले, की पुढचे बसणे मंदावते. आम्लारीत उलट: प्रत्येक हॅलोजन पुढच्याची वाट सोपी करतो. म्हणूनच ॲसिटोन, आयोडीन आणि आम्लारीपासून पिवळे आयोडोफॉर्म मिळते.

१९०९ मध्ये ते मँचेस्टरला गेले. १९४१ मध्ये निधन.