कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आपली मतपेटी



विहाराच्या वर्धापनदिनी आपण तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन करतो. त्याच वेळी नाशिकच्या मातीत घडलेल्या एका माणसाची आठवण काढणं हे आपलं कर्तव्य आहे. आज आपल्या घरातल्या अनेक मुलांना दादासाहेब गायकवाड हे नाव फक्त सभागृहाच्या पाटीवरून माहीत असतं. आणि दर निवडणुकीनंतर वस्तीत एकच प्रश्न विचारला जातो. आपली एवढी माणसं, एवढे मोर्चे, मग आपला पक्ष निवडून का येत नाही? या प्रश्नाचं पुष्कळसं उत्तर दादासाहेबांच्या चरित्रात सापडतं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. शिक्षण फारसं झालं नाही, पण माणसं ओळखणं, जोडणं आणि त्यांच्यासाठी राबणं ही विद्या त्यांच्याकडे भरपूर होती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचं, पण इथली धुरा सांभाळली ती भाऊरावांनी. खेड्यापाड्यातून माणसं आणणं, त्यांच्या भाकरीची सोय करणं, मार खाणं, तुरुंगात जाणं हे सारं त्यांनी केलं. पाच वर्षं लढूनही दार उघडलं नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या काळात बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचली म्हणजे या शिष्यावर त्यांचा किती भरवसा होता ते कळतं.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. भाऊरावही आमदार झाले. नवा, गरिबांचा पक्ष, आणि पहिल्याच दमात एवढं यश! पण १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला १९४६ मध्ये मोठा फटका बसला. जागा राखीव होत्या, पण मतदार सगळे एकत्र. त्यामुळे आपला प्रतिनिधी कोण हे दुसऱ्यांची मतं ठरवू लागली. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला फेडरेशनने देशभरात ३५ उमेदवार दिले, निवडून आले फक्त २. ज्यांनी घटना लिहिली ते बाबासाहेबच मुंबईत पराभूत झाले आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. हे दुःख त्या पिढीने कसं गिळलं असेल!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. समाज पोरका झाला, आणि अवघ्या काही महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. आता हा पक्ष संपला असं पुष्कळांना वाटलं असणार. पण झालं उलटंच. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मराठी मुलूख पेटलेला होता. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झालं. उमेदवार दिले १९ आणि खासदार झाले ६! नाशिककरांनी दादासाहेबांना लोकसभेत पाठवलं. ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी मंदिराचं दार बंद झालं होतं, त्याच शहराचा प्रतिनिधी म्हणून हा माणूस दिल्लीला गेला. नुसत्या आपल्या समाजाच्या मतांवर ही जागा येणं शक्य नव्हतं. शेतकरी, कामगार, इतर समाजाची माणसं, सगळ्यांची मतं पडली तेव्हा ती आली.

बाबासाहेबांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. दादासाहेब आघाडीच्या नेत्यांत होते. पण दोन वर्षं होत नाहीत तोच घर फुटलं. बी. सी. कांबळे यांना घटनेच्या चौकटीतलं, कायद्याचं राजकारण हवं होतं, तर दादासाहेबांना भूमिहीनांची, रस्त्यावरची लढाई. लोक एका गटाला दुरुस्त आणि दादासाहेबांच्या गटाला नादुरुस्त म्हणू लागले. चूक कोणाची हा वाद आज उकरण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र आकड्यांत दिसतो. १९६२ साली पक्षाने ६८ जागा लढवल्या. देशातली मतं १९५७ च्या पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेरून पावणेतीन टक्क्यांवर गेली, पण जागा ६ वरून ३ वर आल्या. त्या तिन्ही उत्तर प्रदेशातल्या होत्या, अलिगड, हाथरस आणि मुरादाबाद. महाराष्ट्रात एकही नाही! नाशिकची जागाही काँग्रेसकडे गेली. मतं वाढली आणि जागा घटल्या, हे कोडं नीट समजून घेतलं पाहिजे. १९५७ ला आपण थोड्या ठिकाणी, मित्रांना बरोबर घेऊन उभे होतो. १९६२ ला पुष्कळ ठिकाणी उभे राहिलो, पण समितीतली एकजूट सुटली होती आणि घरात दोन चुली होत्या.

दादासाहेब मात्र खचून घरी बसले नाहीत. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९५९ साली त्यांनी मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर भागात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला होता. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी, बौद्धांना सवलती मिळाव्यात, संसदेत बाबासाहेबांचं चित्र लागावं अशा मागण्या होत्या. ज्याचा पक्ष महाराष्ट्रातून लोकसभेची एक जागा जिंकू शकला नाही, त्याच्या हाकेला एवढी माणसं तुरुंगात जायला तयार झाली! पक्षाची खरी ताकद मतपेटीत पूर्ण मावत नाही ती अशी. केंद्रातल्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं, पण तो झगडा याच पिढीने सुरू केला होता.

पुढे दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्यातून काही पदं मिळाली, पण पक्षाचा स्वतंत्र कणा वाकला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. आपल्या माणसावर प्रेम करावं, पण डोळे उघडे ठेवून. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागे गट वाढतच गेले.

१९९८ साली गट एकत्र आले, काँग्रेसबरोबर समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार निवडून आले. पुन्हा तोच १९५७ चा धडा! आणि पुन्हा ती एकी टिकली नाही.

२००४ साली राज्य सरकारने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना काढली. तिला दादासाहेबांचंच नाव दिलं. नाव लागलं, पण ज्यांच्या वाट्याला अजून जमीन आली नाही अशी घरं आपल्या ओळखीत आहेतच.

बंधू-भगिनींनो, विहारात आपण सगळे एका चटईवर बसून त्रिशरण-पंचशील घेतो. तिथे कोणी कोणाचा गट विचारत नाही. हीच सवय विहाराच्या पायऱ्या उतरल्यावरही राहिली, आणि शेजारच्या गरीब माणसालाही आपण बरोबर घेतलं, तर मतपेटीचा हिशेब बदलतो. नाशिकने तो एकदा बदलून दाखवला आहे. दादासाहेबांना खरं अभिवादन तेच ठरेल.

जय भीम!